जुन्या ऑटोकॅडमध्ये सॉलिडवरून सपाट ड्रॉइंग: पहिल्या व्ह्यूपासून प्रिंटपर्यंत

ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरच्या २०१२ आवृत्तीपासून व्ह्यूबेस ही आज्ञा आली आणि सॉलिड मॉडेलवरून, म्हणजे त्रिमितीय भरीव मॉडेलवरून, व्ह्यू (एका दिशेनं दिसणारं सपाट चित्र) काढणं सोपं झालं. मॉडेल बदललं की व्ह्यूही बदलतो. पण रिलीज १४, २०००, २००४ किंवा २००७ या आवृत्त्या अजून अनेक संगणकांवर आहेत आणि त्यांच्यात काम करावं लागतं. तिथे हीच गोष्ट सोलव्ह्यू, सोलड्रॉ, सोलप्रोफ आणि २००७ पासून मिळालेली फ्लॅटशॉट, एवढ्या आज्ञांवर भागवायची असते. त्या नीट समजल्या तर काम उत्तम होतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. या जुन्या आज्ञांनी काढलेल्या सपाट रेषांचं सॉलिडशी नातं काढल्या क्षणीच संपतं. सॉलिडमधलं भोक नंतर मोठं केलंत तरी ड्रॉइंगमधलं भोक आहे तेवढंच राहतं. आणि मॉडेल बदलणार हे तर ठरलेलंच. म्हणून पुन्हा काढायला सोपं पडेल अशा बेतानंच ड्रॉइंग पहिल्यांदा मांडायचं. पुढे मी जे जे सुचवलं आहे त्यातलं बरंचसं याच एका कारणासाठी आहे.

आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, कमांड लाइनवर ती इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. सोलव्ह्यू, सोलड्रॉ आणि सोलप्रोफ या तिन्हींची सुरुवात एस-ओ-एल अशी होते आणि मध्ये कुठेही मोकळी जागा नसते.

उदाहरणाचा जॉब

सगळ्या पायऱ्या एकाच जॉबवर बघू. एक साधा ब्रॅकेट घ्या. बैठकीची पट्टी एक्स दिशेला १०० लांब, वाय दिशेला ६० रुंद आणि १२ मिलिमीटर जाड. तिच्या डाव्या टोकाला १२ जाडीची उभी पट्टी, बैठकीसह एकूण उंची ७०. उभ्या पट्टीत ४५ उंचीवर, रुंदीच्या मधोमध, २० व्यासाचं आरपार भोक. बैठकीत उजवीकडे ११ व्यासाची दोन भोकं, एक्स ८० वर आणि वाय १५ व ४५ वर. दोन्ही पट्ट्यांच्या आतल्या कोपऱ्यात ६ चा फिलेट (गोलाई), आणि मधोमध १० जाडीची तिरकी रिब (आधाराची पातळ पट्टी), जिचं वरचं टोक ३० उंचीवर संपतं. रिबमुळे सेक्शनमध्ये (कापून दाखवलेल्या व्ह्यूमध्ये) आणि फिलेटमुळे कडांमध्ये काय गोंधळ होतो ते कळावं म्हणून दोन्ही मुद्दाम ठेवले आहेत.

सपाट करण्याआधीची तपासणी

लिस्ट आज्ञा देऊन मॉडेलवर क्लिक करा. यादीत थ्रीडी सॉलिड असं आलं पाहिजे. तिथे ब्लॉक (एकत्र बांधलेला संच), रीजन (सपाट क्षेत्र) किंवा पॉलीफेस मेश (पृष्ठभागांची जाळी) दिसलं तर सोलव्ह्यूच्या कुटुंबातल्या आज्ञा त्याला हात लावणार नाहीत. ब्लॉकमधलं सॉलिड एक्स्प्लोडनं मोकळं होतं, पण फक्त एकदाच एक्स्प्लोड करा. दुसऱ्यांदा केलंत की सॉलिडचेच तुकडे पडून रीजन होतात. हे नेहमी फाइलच्या प्रतीवर करावं.

बैठक, उभी पट्टी आणि रिब यांचं युनियन झालंय का, म्हणजे ती जोडून एकच सॉलिड झालंय का, ते बघा. एकमेकांत घुसलेली पण न जोडलेली सॉलिड तशीच सपाट केलीत तर कुठेच न पोचणाऱ्या, मध्येच लटकणाऱ्या रेषा मिळतात. असेंब्ली असेल तर इंटरफिअर आज्ञेनं कुठले दोन भाग एकमेकांत शिरलेत ते शोधा आणि आधी मॉडेल दुरुस्त करा. ही लटकती रेषा ड्रॉइंगमध्ये खोडत बसणं हा वेळेचा शुद्ध अपव्यय आहे, कारण पुढच्या वेळी ती परत येणार.

हिडन आणि सेंटर हे दोन लाइनटाइप, म्हणजे रेषांचे प्रकार, आत्ताच लोड करून ठेवा. सोलड्रॉ आणि सोलप्रोफ लपलेल्या रेषांसाठी हिडन लाइनटाइप वापरतात, पण तो आधीपासून लोड असेल तरच. नसेल तर सगळ्या लपलेल्या रेषा अखंड येतात आणि ड्रॉइंग वाचणाऱ्याला पुढचं काय, मागचं काय ते कळत नाही.

मेझरमेंट या व्हेरिएबलची, म्हणजे सेटिंगची, किंमतही बघा. ० असेल तर इंची फाइलमधले हॅच (कापलेला भाग भरणाऱ्या रेषा) आणि लाइनटाइप वापरले जातात, १ असेल तर मेट्रिकमधले. फरक मोठा आहे: एएनएसआय३१ या नेहमीच्या तिरक्या हॅचच्या रेषांमधलं अंतर मेट्रिक फाइलमध्ये ३.१७५ असतं, इंचीमध्ये ०.१२५. मिलिमीटरमध्ये केलेल्या ब्रॅकेटवर इंची हॅच पडला की सेक्शन काळ्या शाईनं भरल्यासारखा दिसतो. नवा माणूस मग हॅचच बिघडला समजून शोधत राहतो.

पहिला मार्ग: सोलव्ह्यू आणि सोलड्रॉ

नेहमीच्या मशीन पार्टसाठी मी हाच मार्ग सुचवेन. सोलव्ह्यू व्ह्यूपोर्ट, म्हणजे कागदावर मॉडेल दाखवणाऱ्या चौकटी, मांडतो आणि त्यासाठी लागणारे लेयर (रेषा वेगळ्या ठेवायचे थर) तयार करतो, सोलड्रॉ त्या व्ह्यूपोर्टांमध्ये रेषा काढतो. मेनूमध्ये या आज्ञा ड्रॉ, सॉलिड्स, सेटअप अशा वाटेनं सापडतात. २००७ पासून सॉलिड्सच्या जागी मॉडेलिंग हे नाव आलं.

लेआउटवर, म्हणजे छापायच्या कागदाच्या पानावर, जा. रिलीज १४ मध्ये लेआउटचे टॅब नाहीत, तिथे टाइलमोड ० करून पेपर स्पेसमध्ये यायचं. २००० पासून लेआउट उघडताच ऑटोकॅड स्वतःहून एक व्ह्यूपोर्ट ठेवतो, तो पुसून टाका. पेज सेटअपमध्ये कागद निवडा. आपला ब्रॅकेट ए३ वर, म्हणजे ४२० गुणिले २९७ वर, एकास एक प्रमाणात आरामात बसतो.

आता सोलव्ह्यू द्या. यूसीएस, ऑर्थो, ऑक्झिलरी आणि सेक्शन असे चार पर्याय दिसतील. पहिला व्ह्यू नेहमी यूसीएस (काम करायच्या अक्षांची मांडणी) या पर्यायानं काढायचा, कारण बाकीच्या तिघांना आधार म्हणून आधीचा एखादा व्ह्यू लागतो. यूसीएसमध्ये वर्ल्ड निवडा. वर्ल्डच्या एक्सवाय पातळीवर बैठक आडवी ठेवली आहे, त्यामुळे हा टॉप व्ह्यू होईल. स्केल विचारल्यावर १ द्या. मग व्ह्यूचा मध्य विचारतो. क्लिक केलं की ब्रॅकेट तिथे दिसतो, पण ऑटोकॅड अजून मध्यच विचारत असतो. जागा पटली नाही तर पुन्हा क्लिक करा, पटली की एंटर. हा एंटर राहिला की अनेक जण अडकतात. त्यांना वाटतं कोपरा दिला, प्रत्यक्षात मॉडेल इकडून तिकडे सरकत असतं.

एंटरनंतर व्ह्यूपोर्टचे दोन कोपरे द्यायचे. इथे हात मोकळा ठेवा. ब्रॅकेटला चिकटून चौकट आखू नका, चारही बाजूंना निदान २५ मिलिमीटर जागा सोडा, कारण पुढे या व्ह्यूची मापं याच चौकटीत बसणार आहेत. चौकटीबाहेर गेलेलं माप छापलंच जात नाही.

शेवटी व्ह्यूचं नाव. टॉप, फ्रंट, साइड अशी छोटी नावं द्या. रिलीज १४ मध्ये लेयरच्या नावाला ३१ अक्षरांची मर्यादा होती आणि मोकळी जागा चालत नसे. सोलव्ह्यू तुमच्या नावापुढे स्वतःची शेपटी जोडून लेयर बनवतो: दिसणाऱ्या रेषांसाठी व्हीआयएस, लपलेल्यांसाठी एचआयडी, मापांसाठी डीआयएम आणि सेक्शन असेल तर हॅचसाठी एचएटी. चौकटी सगळ्या व्हीपोर्ट्स नावाच्या एका वेगळ्या लेयरवर जातात.

आज्ञा चालूच असेल. आता ऑर्थो. टॉप व्ह्यूच्या चौकटीची खालची कड निवडा, म्हणजे जॉबकडे समोरून बघणारा फ्रंट व्ह्यू मिळेल. तो खाली ओढून ठेवा, एंटर, कोपरे, नाव. पुन्हा ऑर्थो, यावेळी फ्रंटच्या चौकटीची उजवी कड. हा उजवीकडून दिसणारा साइड व्ह्यू. उजवी बाजू मुद्दाम घेतली आहे: तिथून रिब आणि भोक दोन्ही समोर दिसतात, डावीकडून बघितलं असतं तर रिब तुटक रेषांत गेली असती.

सोलव्ह्यूची ही मांडणी थर्ड अँगलची आहे. फ्रंटच्या वर टॉप, उजव्या बाजूचा व्ह्यू उजवीकडे. तुमच्या ड्रॉइंगला फर्स्ट अँगल हवा असेल तर टॉप व्ह्यू फ्रंटच्या खाली आणि उजवीकडून दिसणारा व्ह्यू फ्रंटच्या डावीकडे जायला हवा. त्यासाठी ऑर्थो मोड (सोलव्ह्यूचा पर्याय नव्हे, फक्त आडवं-उभं हलू देणारा) चालू ठेवून मूव्ह आज्ञेनं पेपर स्पेसमधली अख्खी चौकट सरळ रेषेत हलवा. आतला व्ह्यू चौकटीबरोबर जातो आणि ओळ बिघडत नाही. मांडणी कुठलीही असो, टायटल ब्लॉकमध्ये निमुळत्या शंकूचं चिन्ह त्याच पद्धतीचं हवं. शंकूचं लहान तोंड डावीकडे धरलं तर फर्स्ट अँगलमध्ये वर्तुळं शंकूच्या उजवीकडे येतात, थर्ड अँगलमध्ये डावीकडे. हे चिन्ह चुकलं तर आपला ब्रॅकेट आरशातला बनून येऊ शकतो. आपल्या जॉबमध्ये भोकं दोन्ही बाजूंना सारखी आहेत म्हणून निभावेल, पण एकाच बाजूला भोक असलेला जॉब भंगारात जाईल.

सेक्शन

टॉप व्ह्यूमधून सेक्शन काढू. पुन्हा सोलव्ह्यू, सेक्शन पर्याय. टॉपच्या चौकटीत ब्रॅकेटच्या मधोमध, वाय ३० वर, डावीकडून उजवीकडे दोन बिंदू द्या. ऑब्जेक्ट स्नॅपनं उभ्या पट्टीच्या कडेचा मध्यबिंदू पकडा आणि दुसरा बिंदू ऑर्थो मोडमध्ये पलीकडे द्या. नुसत्या नजरेनं दिलेली रेषा किंचित तिरकी झाली तरी सेक्शनमध्ये २० चं भोक १९.९ चं दिसतं. मग कुठल्या बाजूनं बघायचं ते विचारेल, तिथे रेषेच्या खाली, म्हणजे समोरच्या बाजूला क्लिक करा. स्केल १, मध्य, एंटर, कोपरे, नाव. सेक्शन व्ह्यू ए-ए अशा अक्षरांनी ओळखला जातो, त्यामुळे तो ओळीतच हवा असं नाही. कागदाच्या मोकळ्या कोपऱ्यात नेऊन ठेवा.

हॅच कसा हवा ते सोलड्रॉ देण्याआधीच सांगावं लागतं. एचपीनेममध्ये एएनएसआय३१, एचपीस्केलमध्ये १, एचपीअँगमध्ये ०. आता सोलड्रॉ द्या, चारही चौकटी निवडा, एंटर. प्रत्येक चौकटीत रेषा निघतात, त्या व्ह्यूला नको असलेले बाकीचे लेयर तिथल्यापुरते फ्रीझ होतात, म्हणजे दिसेनासे होतात, आणि सॉलिड मात्र मॉडेल स्पेसमध्ये (मॉडेल काढतो त्या जागेत) जसंच्या तसं राहतं. मॉडेल टॅबवर गेलात तर सॉलिडभोवती वेगवेगळ्या पातळ्यांवर रेषांचं जंजाळ दिसेल. घाबरू नका आणि काही पुसू नका. ते तुमचेच व्ह्यू आहेत, आपापल्या पातळीवर उभे.

आता सेक्शनकडे नीट बघा. ऑटोकॅडनं बैठक, उभी पट्टी आणि रिब तिन्ही एकसंध हॅच केलंय. गणित बरोबर आहे, पण ड्रॉइंगचा संकेत वेगळा. छेद रिबच्या लांबीतून गेला तर रिब हॅच करत नाहीत. शाफ्ट, बोल्ट, नट, पिन यांचंही तसंच. रिबवर हॅच दिसला तर वाचणाऱ्याला वाटतं की तिथे पूर्ण रुंदीचा भरीव त्रिकोणी ठोकळा आहे. म्हणजे १० मिलिमीटरच्या रिबच्या जागी ६० मिलिमीटरचा ठोकळा त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो.

याचा उपाय हातानंच करायचा. स्वतःचा एक लेयर बनवा, समजा सेक्शनएडिट, आणि बाकी तिन्ही चौकटींमध्ये तो फ्रीझ करा. सेक्शनच्या चौकटीत दुहेरी क्लिक करा आणि यूसीएस आज्ञेत व्ह्यू पर्याय द्या, म्हणजे तुम्ही व्ह्यूच्या समांतर पातळीवर काढाल. बैठकीची वरची रेषा आणि उभ्या पट्टीची आतली रेषा पुढे वाढवून रिबची हद्द आखा, आणि रिब सोडून बाकी भागात नव्यानं हॅच भरा. सोलड्रॉनं काढलेला हॅच एचएटी लेयरवर आहे, तो लेयर या चौकटीत फ्रीझ करा. पुसायची गरज नाही.

हा सगळा वेगळ्या लेयरचा खटाटोप का, तर सोलड्रॉ पुन्हा दिलं की व्हीआयएस, एचआयडी आणि एचएटी या लेयरवरचं सगळं पुसलं जातं आणि नव्यानं काढलं जातं. तुम्ही तिथे हातानं घातलेली एखादी टीपसुद्धा जाते. म्हणून या तीन लेयरवर स्वतःचं काहीही ठेवायचं नाही. सेंटर लाइन, वेल्डची चिन्हं, अक्षरं यांना त्यांचे लेयर द्या. सेंटर लाइन सोलड्रॉ काढत नाही, त्या तुम्हालाच काढायच्या आहेत, आणि भोकं असलेलं ड्रॉइंग त्यांच्याशिवाय अर्धवट असतं.

सेक्शन व्ह्यूमध्ये तुटक रेषा सहसा नकोत. आतलं दिसावं म्हणून तर कापलं. तिथला एचआयडी लेयर फ्रीझ ठेवा. बाकी व्ह्यूंमध्येही प्रत्येक तुटक रेषा कामाची आहे का ते बघा. ज्या व्ह्यूमध्ये ती काही नवं सांगत नाही तिथे नुसती गर्दी करते.

तुटक रेषा अखंड दिसत असतील तर पीएसएलटीस्केल १ करा आणि एलटीस्केल बदलून बघा, मग रीजेनऑल द्या. रीजेनऑल राहिलं की बदल दिसत नाही.

मापं

मापं त्या त्या व्ह्यूच्या डीआयएम लेयरवर टाका. हा लेयर फक्त त्याच्याच चौकटीत दिसतो, त्यामुळे फ्रंटची मापं टॉपमध्ये आडव्या रेघा होऊन डोकावत नाहीत. चौकटीत दुहेरी क्लिक, तो लेयर चालू, यूसीएस व्ह्यू, मग माप. यूसीएस फिरवायचं विसरलं तर माप भलत्याच पातळीवर जातं, एकतर दिसत नाही किंवा आकडा चुकतो. डिमस्केल ० ठेवा. मग मापांच्या अक्षरांचा आकार व्ह्यूपोर्टच्या प्रमाणावरून ऑटोकॅड ठरवतो आणि वेगवेगळ्या स्केलच्या व्ह्यूंमध्येही कागदावर अक्षरं सारखी उमटतात.

२००२ पासून पेपर स्पेसमध्येच बसून मॉडेलची खरी मापं टाकता येतात, डिमअसोक २ असेल तर. सोय चांगली आहे. पण व्ह्यू पुन्हा काढायचे असतील तेव्हा दोन्ही पद्धतींत एकच धोका आहे.

समजा बैठकीतली भोकं ११ ऐवजी १३ करायची ठरली. तुम्ही सॉलिड बदललं, सोलड्रॉ पुन्हा दिलं, नवी वर्तुळं आली. जुन्या रेषा पुसल्या गेल्या, पण डीआयएम लेयरला सोलड्रॉ हात लावत नाही. तिथलं माप ज्या वर्तुळाला धरून होतं ते आता नाही. ते जुन्या जागी, जुना आकडा धरून तसंच उभं राहतं. १३ च्या वर्तुळावर ११ लिहिलेलं ड्रॉइंग तयार होतं, आणि मशीनवरचा माणूस आकड्यावर विश्वास ठेवतो, रेषेवर नाही. म्हणून सोलड्रॉ पुन्हा दिलं की प्रत्येक मापाला हात लावून तपासा: बाणाचं टोक रेषेवर टेकलंय का, आकडा मॉडेलशी जुळतो का. शंका असेल ते माप पुसून नवं टाका. आणि मापाचा आकडा हातानं टाइप करून कधीही बदलू नका. तसं केलेलं माप पुढे नुसत्या नजरेनं सहज पकडता येत नाही.

दुसरा मार्ग: सोलप्रोफ

नुसता एकच व्ह्यू हवा असेल, विशेषतः कोपऱ्यात ठेवायचा आयसोमेट्रिक (तीन बाजू एकदम दाखवणारा तिरका व्ह्यू), तर सोलव्ह्यूचा सगळा पसारा लागत नाही. लेआउटवर एमव्ह्यूनं एक चौकट काढा, तिच्यात दुहेरी क्लिक करा, मेनूतून साउथईस्ट आयसोमेट्रिक व्ह्यू लावा. रिब आणि भोक दोन्ही दिसतात. मग सोलप्रोफ द्या, ब्रॅकेट निवडा. तीन प्रश्न येतात.

लपलेल्या रेषा वेगळ्या लेयरवर? हो. रेषा सपाट पातळीवर प्रोजेक्ट करायच्या? हो. नाही म्हटलंत तर रेषा त्रिमितीतच राहतात आणि सपाट ड्रॉइंगचा हेतूच फसतो. स्पर्शी कडा काढून टाकायच्या? बहुतेक वेळा हो. आपला ६ चा फिलेट ज्या रेषेवर सपाट पृष्ठभागाला मिळतो तिथे खरी कड नसते. ती रेषा ठेवली तर बघणाऱ्याला तिथे पायरी आहे असं वाटतं. मात्र मोठ्या, गोलाईदार कास्टिंगचा आयसोमेट्रिक व्ह्यू स्पर्शी कडांशिवाय पोकळ दिसतो. तिथे ठेवून बघा आणि नजरेवर निर्णय घ्या.

उत्तरं दिल्यावर काहीच बदललं नाही असं वाटेल. नव्या रेषा सॉलिडच्याच वर पडलेल्या असतात. सॉलिडचा लेयर या चौकटीत फ्रीझ करा, मग त्या दिसतात. दिसणाऱ्या रेषा पीव्ही आणि लपलेल्या पीएच या अक्षरांनी सुरू होणाऱ्या लेयरवर जातात, पुढे व्ह्यूपोर्टचा हँडल क्रमांक. आयसोमेट्रिकमध्ये पीएच फ्रीझच ठेवा. दोन्ही संच ब्लॉक म्हणून येतात, एखादी रेषा हलवायची असेल तर एक्स्प्लोड करावं लागेल.

या व्ह्यूवर मापं टाकू नका. खऱ्या आयसोमेट्रिक प्रोजेक्शनमध्ये तिन्ही अक्षांवरच्या लांब्या सुमारे ०.८१६ पटीनं आखूड दिसतात. १०० ची बैठक मोजली तर जवळपास ८१.६ भरते.

सोलप्रोफची खरी अडचण पुन्हा काढताना येते. तो जुने ब्लॉक पुसत नाही. दुसऱ्यांदा दिलंत तर नव्यांखाली जुने दडून राहतात, म्हणून आधी त्या चौकटीचे पीव्ही आणि पीएच लेयरवरचे ब्लॉक पुसायचे, सॉलिडचा लेयर थॉ करायचा (फ्रीझ काढायचा) आणि मगच आज्ञा द्यायची.

तिसरा मार्ग: फ्लॅटशॉट

२००७ किंवा पुढची आवृत्ती असेल तर फ्लॅटशॉट आहे. ही मॉडेल स्पेसमध्येच चालते. स्क्रीनवर ज्या दिशेनं बघत आहात त्या दिशेनं सगळ्या त्रिमितीय वस्तू सपाट करून एक ब्लॉक देते. सगळ्या म्हणजे खरोखर सगळ्या, निवड विचारत नाही. नको असलेले भाग वेगळ्या लेयरवर टाकून ते लेयर आधी बंद करा. पर्स्पेक्टिव्ह व्हेरिएबल ० असू द्या, म्हणजे समांतर प्रोजेक्शनच मिळेल.

डायलॉगमध्ये नवा ब्लॉक, आधीच्या ब्लॉकच्या जागी नवा, किंवा थेट वेगळ्या फाइलमध्ये असे तीन पर्याय असतात. पुढच्या आणि लपलेल्या रेषांचे रंग आणि लाइनटाइप तिथेच ठरवता येतात. लपलेल्या नको असतील तर शोची खूण काढा.

गोंधळ ब्लॉक कुठे पडतो यावरून होतो. दिशा स्क्रीनवरच्या व्ह्यूची, पण ब्लॉक पडतो चालू यूसीएसच्या एक्सवाय पातळीवर. फ्रंट व्ह्यू लावला, यूसीएस मात्र वर्ल्ड राहिला, तर ब्लॉक जमिनीवर आडवा पडतो आणि समोरून बघताना त्याची फक्त एक आडवी रेघ दिसते. काम झालेलं असतं. प्लॅन आज्ञेनं वरून बघा, सबंध व्ह्यू तिथे सपाट पडलेला दिसेल. सगळे व्ह्यू एकाच पातळीवर शेजारी शेजारी हवे असतील तर ही पद्धत उलट फायद्याचीच आहे: यूसीएस वर्ल्ड ठेवा, व्ह्यू बदलत राहा, प्रत्येक ब्लॉक मॉडेलपासून दूर मोकळ्या जागेत ठेवा. ओळीत मात्र तुम्हालाच आणावे लागतील. मॉडेल बदलल्यावर तोच व्ह्यू लावून आधीच्या ब्लॉकच्या जागी नवा हा पर्याय घ्या, ब्लॉक आपल्या जागी बदलतो.

लेझर कटिंगसाठी प्लेटची नुसती बाह्यरेषा द्यायची असेल तर टॉप व्ह्यूवरून फ्लॅटशॉट करून वेगळ्या फाइलमध्ये टाकणं सगळ्यात सुटसुटीत. पाठवण्याआधी ती फाइल उघडा, ब्लॉक एक्स्प्लोड करा आणि दोन गोष्टी बघा. एक, डिस्ट आज्ञेनं दोन लांबचे बिंदू मोजा, डेल्टा झेड ० यायला हवा. दोन, एकावर एक पडलेल्या रेषा. प्लेटची वरची आणि खालची कड वरून बघताना एकाच जागी येते, आणि तिथे दोन रेषा राहिल्या तर मशीन तीच वाट दोनदा कापतं. ओव्हरकिल आज्ञा अशा जोड्या काढते. जुन्या आवृत्त्यांत ती एक्स्प्रेस टूल्सबरोबर येते, म्हणून इन्स्टॉल करताना ती टूल्स निवडलेली असावी लागतात.

छापण्याआधी

व्हीपोर्ट्स लेयर बंद करा, नाहीतर प्रत्येक व्ह्यूभोवती चौकट छापली जाईल. २००० पासून लेयरला न छापण्याची खूण लावता येते, तीच बरी, कारण स्क्रीनवर चौकटी दिसत राहतात आणि काम करता येतं. लेआउट एकास एक प्रमाणात छापा, व्ह्यूचं प्रमाण व्ह्यूपोर्टमध्ये आधीच दिलेलं आहे. दोन ठिकाणी प्रमाण दिलं की कागदावरचा ब्रॅकेट कोणत्याच पट्टीला जुळत नाही.

पहिली प्रत निघाली की बैठकीची १०० ची लांबी स्टीलच्या पट्टीनं मोजा. कमी भरली तर प्रिंट डायलॉगमध्ये फिट टू पेपर चालू राहिलंय. ते काढा आणि पुन्हा छापा. फाइल जपून ठेवताना सॉलिडचा लेयर फक्त फ्रीझ करा, पुसू नका. ११ ची भोकं १३ करायचा निरोप आला की त्याच सॉलिडमध्ये बदल करून सोलड्रॉ पुन्हा द्यायचं आहे.